माझ्या नावावरचं एक वाक्य

सोनपेठच्या स्टँडवर परभणीची एसटी लागली तेव्हा मी दादांना म्हटलं, "मला न्हाई जायचं." दादा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि माझी लोखंडी पेटी टपावर चढवून घेतली. मी चोवीस वर्षांची होते, औरंगाबादला शिकून डॉक्टर झालेली, आणि भीतीनं स्टँडमागं जाऊन ओकून आले होते. बहात्तरच्या दुष्काळाआधीचं वर्ष होतं ते. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली होती. आमच्या वस्तीतून एवढ्या लांब कुणी गेलेलं नव्हतं, म्हणून सगळी वस्ती सोडायला आली होती.

माय खिडकीखाली उभी राहून एकच सांगत होती, "गप बसू नगंस. पन लय पुढं पुढंबी करू नगंस." दोन्ही एकदम कसं करायचं ते तिनं सांगितलं नाही, आणि मला ते जन्मात जमलं नाही. दादांचं वेगळं होतं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. गावानं मात्र आम्हाला जुन्याच नावानं ओळखणं सोडलं नव्हतं, आणि दादा ते कधी विसरू द्यायचे नाहीत. गाडी हलली तेव्हा ते खिडकीच्या गजाला धरून दोन पावलं चालले. म्हणाले, "दुसऱ्याला धा चुका माफ असत्यात. आपल्याला एकबी न्हाई. ध्यानात ठेव." मनमाडला छोट्या रुळावरची गाडी सोडून मोठ्या रुळावरच्या गाडीत बसले, तरी ते वाक्य माझ्यासोबत होतं. आजही आहे.

हे मी गावात राहिलेल्यांसाठी लिहितेय, ज्यांना वाटतं की मुंबईला गेली आणि मोठी झाली. माझ्यासारखे जे गेले त्यांच्यासाठीही लिहितेय. त्यांना मोठं होण्याची भीती काय असते ते सांगावं लागणार नाही. मध्यंतरी माझा सत्कार झाला. रक्ताच्या कॅन्सरवरच्या माझ्या लेखांचा संदर्भ जगभरातल्या डॉक्टरांनी कितीदा दिला, तो आकडा एका मुलीनं माइकवर वाचला. टाळ्या पडल्या. मला दरदरून घाम फुटला. शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं, वय झालंय, साखर कमी झाली असेल. त्या आकड्यातला मोठा वाटा एका लेखाचा आहे, आणि त्या लेखातलं एक वाक्य खोटं आहे.

मुंबईत पहिली दोन वर्षं मी भीतच काढली. हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवायला भ्यायचे, कारण टेबलावर कुणीतरी आडनाव विचारायचं आणि मग जरा वेळ सगळे आपापल्या ताटात बघायचे. "लई" म्हटलं की पोरी हसायच्या, म्हणून तोंड उघडायला भ्यायचे. मायक्रोस्कोपखाली रक्ताची काच ठेवायलाही भ्यायचे. निरोगी रक्तात पांढऱ्या पेशी इकडं एक, तिकडं एक अशा असतात. रक्ताच्या कॅन्सरात त्या निळसर, मोठ्या, सगळ्या एकसारख्या दिसतात आणि सगळी काच भरून टाकतात. काच बघून झाली की वर वॉर्डात जायचं, आणि तिथं त्या रक्ताचं पोर पलंगावर बसून लिमलेटची गोळी चोखत असायचं. तेव्हा यातली फार थोडी जगायची. नवी औषधं नुकतीच आली होती. रक्त साफ व्हायचं, पोर घरी जायचं, मग दोन-तीन वर्षं घरी रोज गोळ्या द्यायच्या. गोळ्या चुकल्या की आजार उलटायचा, आणि उलटला की खेळ संपला.

मुंबईची मुलं दर पंधरा दिवसांनी तपासायला यायची. लांबच्या खेड्यातली घरी गेली की गेली. त्यांचं पुढं काय होतं? आमचे सर म्हणाले, हे शोध, हाच तुझा अभ्यास. गावाकडची भाषा मला येते म्हणून काम माझ्याकडं आलं. मी जोडकार्डं लिहायचे. एका कार्डावर माझी विचारपूस, दुसऱ्यावर माझाच पत्ता. घरच्यांनी उत्तर लिहून टपालात टाकायचं. मुलाचं पूर्ण नाव वर ठळक अक्षरात. नीटनेटकं काम करायची मला फार हौस.

दुष्काळाच्या वर्षी गंगाखेडजवळच्या राणीसावरगावची एक बाई तीन वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीला इथं कमल म्हणते. खरं नाव लिहायला माझा हात धजत नाही. आईला गयाबाई म्हणू. गयाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायची. तिचा भाऊ मुंबईत गिरणीत होता, त्याच्या आधारानं ती आली होती. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "बाई, तुमी कुनाच्या?" मी सरळ सांगितलं. ती कमलला माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आपल्याकडच्या हाव, बस झालं." तीन महिन्यांनी कमलचं रक्त साफ झालं. गोळ्या कशा द्यायच्या ते मी गयाबाईला इतक्यांदा पढवलं की शेवटी ती वैतागली. म्हणाली, "समजलं ओ. मी काय येडी हाय का?"

पहिल्या दोन कार्डांना उत्तर आलं: बरी आहे. तिसऱ्याला शाळामास्तरच्या अक्षरात एक ओळ आली. "कमल वारली. कार्ड पाठवू नये."

मी त्या दिवशी संडासात जाऊन रडले. मग तोंड धुऊन आले आणि नोंदवहीत तिच्या नावापुढं 'मृत' लिहिलं.

लांबच्या खेड्यातली मुलं तशीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. बाकीचीही एकेक करून गेली, तशी कार्डं आली. मी लेख लिहिला, सरांनी तपासला, परदेशातल्या एका मोठ्या नियतकालिकानं छापला. त्यात वाक्य होतं: दूरच्या खेड्यातून आलेल्या मुलांपैकी एकही मूल वर्षापलीकडे जगलं नाही.

आमच्या धंद्यात एकानं लिहिलेलं दुसरा आपल्या लेखात पुरावा म्हणून देतो. त्याला संदर्भ म्हणतात, आणि ज्याचे संदर्भ जास्त तो मोठा. तेव्हा लेखाची प्रत हवी असली की डॉक्टर लोक कार्ड पाठवायचे. मला पोलंडहून, अर्जेंटिनाहून, जपानहून कार्डं यायला लागली. मी त्यांतली काही दादांना पाठवली. दादांनी ती शाळेत नेऊन वर्गात फिरवली आणि नकाशावर एकेक देश दाखवला. म्हणाले असतील, आमच्या पोरीनं लिहिलंय. मला तेव्हा फार बरं वाटायचं, ते कशाला लपवू.

एकदा दुसऱ्या एका शहरातले डॉक्टर आमच्याकडं आले. मोठे सज्जन. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमच्या लेखाचा आम्हाला फार उपयोग झाला. लांबून येणाऱ्यांना आता आम्ही हे औषध सुरूच करत नाही. एकही जगत नाही म्हटल्यावर कशाला पोराचे हाल? समजावून घरी पाठवतो." मी "थँक्यू" म्हटलं. ते वाक्य तोवर खोटं निघालं नव्हतं, तरी ते ऐकून मला बरं वाटलं नाही. पण थँक्यू म्हटलं, हे खरं आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी रजेवर घरी निघाले. परभणीहून गंगाखेडला उतरले, सोनपेठची गाडी यायची होती. स्टँडवर रसवंतीपाशी एक बाई पाठमोरी उभी होती, हाताशी सात-आठ वर्षांची पोर. बाई वळली. गयाबाई होती. आणि पोरीच्या डाव्या भुवईवर तोच व्रण, जो मी तीन महिने रोज बघितला होता.

मी हाक मारली. नावानं.

गयाबाईनं काय केलं असेल? तिनं झडप घालून पोरीचे दोन्ही कान दाबून धरले. माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरले. "न्हाई ओ बाई. तुमी चुकलाव. ही धोंडी हाय, माझ्या भनीची." आणि पोरीला ओढत समोरच्या गाडीत चढली. गाडी निघून गेली. मी उन्हात उभी. पोर जिवंत आहे याचा आनंद आधी व्हायला हवा होता ना? मला पहिल्यांदा ते वाक्य आठवलं. एकही मूल नाही. मग तो सज्जन डॉक्टर आठवला. त्यानं आजवर किती जणांना समजावून घरी पाठवलं असेल?

दुसऱ्या दिवशी गंगाखेडच्या सरकारी दवाखान्यातून दोन काचा मागून घेतल्या आणि राणीसावरगावला गेले. गयाबाईनं मला आत घेतलं आणि दाराला कडी घातली. म्हणाली, "तुमचं कार्ड यायचं. पोस्टमन आळीच्या तोंडाला हुबा राहून मोठ्यानं तिचं नाव घ्यायचा. त्याच दिशी पोरीला ताप. दोन येळा असं झालं. आमच्या सासूबाई म्हनल्या, हे नाव त्याला घर दावायलंय." तो म्हणजे काळ, हे मला विचारावं लागलं नाही. "मग मी मास्तरला म्हनलं, लिवा, वारली म्हनून. समद्या गावाला सांगितलं, ते नाव पुन्यांदा घ्यायचं न्हाई. पोरगी शेजारनीच्या वटीत टाकली, पसाभर जवारी देऊन माघारी घेतली, धोंडी नाव ठिवलं. नाव गेलं तर गेलं. लेकरू ऱ्हाईल."

आता मी काय सांगू? माझ्या सख्ख्या मामाचं नाव दगडू. आधीचे दोन भाऊ गेले म्हणून ठेवलेलं. पोर जगत नसलं की आपल्याकडं काय करतात ते मला चालता येत नव्हतं तेव्हापासून माहीत. त्या कार्डावर ना तारीख होती, ना कशानं गेली ते. मुंबईत जन्मलेल्या डॉक्टरनं ते खरं मानलं असतं तर त्याला मी माफ केलं असतं. सोनपेठची असून मी मानलं. कारण मुंबईत राहून राहून मला वाटायला लागलं होतं की टपालानं आलेला कागद म्हणजे पुरावा.

"आणि गोळ्या?" मी विचारलं.

तिनं कोनाड्यावरचं फडकं बाजूला केलं. रिकाम्या बाटल्यांची रांग होती. "तुमी सांगितलं तसं, रोज सांच्याला. भाऊ तुमची चिठ्ठी दावून मुंबईहून धाडायलाय. एकबी दिस चुकला न्हाई." मग एकाएकी ती रडायला लागली. "तीनच वर्सं द्यायच्या म्हनला होतात. आता चौथं लागलं. बंद कराव्या का ते इचारायचं होतं. पन तुमच्या कागदात पोरगी मेलेली. मेलेल्या पोरीचं कसं इचारावं?"

मी धोंडीचं बोट टोचलं. काचेवर रुग्णाचं नाव लिहायची रीत असते. गयाबाईनं माझा हात धरला, म्हणून नुसता नोंदवहीतला नंबर लिहिला. गंगाखेडला परत आले. दवाखान्यात हिवतापाचं रक्त तपासायचा एक जुना मायक्रोस्कोप होता. काच रंगवली, वाळेपर्यंत थांबले, डोळा लावायला गेले आणि लावेना. निळ्या पेशी दिसल्या तर? क्षणभर मनात असंही आलं की दिसल्या तर माझं वाक्य थोडंफार खरं ठरेल. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मग डोळा लावला. इकडं एक पेशी, तिकडं एक. साधं, निरोगी रक्त. मी पुन्हा पुन्हा बघितलं. गोळ्या बंद करायचा निरोप पाठवला.

घरी येऊन सगळं सांगितलं. दादा शाळेत मुलांना नेहमी सांगायचे की चुकलं तर रबरानं खोडू नका, एक रेघ मारा, चूक दिसली पाहिजे. मला वाटलं तेच म्हणतील. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाळ. कुनाला कळनार हाय? लिवलंस तर म्हनतील, ह्यांना जागा दिली की असंच व्हतं." माझ्या अंगाचा भडका उडाला. जन्मभर मला रेघ मारायला शिकवलं आणि आता भ्यायला लागले. पण त्यांचा चेहरा बघून बोलवेना. त्यांना माझ्यासाठी भीती वाटत होती, आणि ती भीती खोटी नव्हती.

माय भाकरी थापत होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं. लेख, संदर्भ यातलं काय कळलं कुणास ठाऊक. परातीतलं पीठ सारखं करत तिनं विचारलं, "आन् ज्या लेकरांला माघारी धाडायलेत, त्यांच्या मायांनी काय करावं?"

मुंबईला परतल्यावर सरांना सांगितलं. सर वाईट नव्हते. म्हणाले, एका मुलीनं काय फरक पडतो, पुढच्या लेखात दुरुस्त करू. मी म्हटलं, 'एकही नाही' आणि 'एक' यात फरक पडतो सर, ती जगली ती आईनं रोज गोळ्या दिल्या म्हणून, म्हणजे लांबच्या घरातही हे होऊ शकतं. ते म्हणाले, तुझं इंग्लंडला जायचं याच लेखावर ठरतंय, विचार कर. मी विचार केला. आठ दिवस झोप नाही. वॉर्डात कुणी दोघं हळू बोलताना दिसले तरी वाटायचं, माझंच चाललंय. शेवटी नियतकालिकाला पत्र लिहिलं, एकटीच्या सहीनं. नाव घातलं नाही, नंबर घातला.

पत्र छापलं, मागच्या पानांत, बारीक टायपात. इंग्लंडचं बोलावणं आलं नाही. पत्रामुळं की दुसऱ्या कशामुळं, ते मला कधी कळलं नाही. दादांना जे वाटत होतं ते एकानं तोंडावर बोलूनही दाखवलं. मी त्याला उत्तर दिलं नाही, माय म्हणाली होती गप बसू नगंस, तरी नाही दिलं. त्या सज्जन डॉक्टरांना मात्र वेगळं पत्र पाठवलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: औषध पुन्हा सुरू करतो आहोत. ते पत्र हातात घेऊन मी वॉर्डाच्या जिन्यात बसून राहिले.

पण छापलेलं वाक्य मागं घेता येत नाही. ग्रंथालयात एक जाडजूड सूची यायची, कुणी कुणाचा संदर्भ दिला त्याची. मी दरवर्षी जाऊन बघायचे. जुन्या लेखाखाली नावांची रांग वाढत जायची. दुरुस्तीच्या पत्राखाली एखाददुसरं नाव. लोकांना वाटायचं बाई आपली कीर्ती मोजायला येतात. मी बघायचे ते, आणखी कुठल्या गावच्या दवाखान्यानं ते वाक्य उचललं. सापडेल त्याला पत्र लिहायचे. पुढं माझं सगळं काम याच गोष्टीवर झालं, लांबच्या घरातलं मूल गोळ्यांवर कसं टिकवायचं यावर, आणि ते बऱ्यापैकी झालं. तरी रांग वाढली की अजून भीती वाटते.

धोंडी मोठी झाली, सेलूला दिली. कितीतरी वर्षांनी एका लग्नाला सेलूला गेले होते तेव्हा तिच्या घरी गेले. दोन पोरांची आई, अंगानं भरलेली, बोलायला फटकळ. गयाबाई आदल्या वर्षी गेली होती. ओट्यावर बसलो. पोरं आत गेली तशी ती म्हणाली, "मावशी, एक इचारू का? माझं पयलं नाव काय होतं? गावात समद्यांना ठावं हाय, पन कुनी सांगंना. आता मायबी न्हाई. तुमच्याकडं तर कागदावर असंल."

असणारच. नंबर, नाव, वजन, सगळं मला तोंडपाठ. तिला बरं होऊन पाव शतक झालं होतं. एवढ्या वर्षांनी तो आजार उलटत नाही, हे विद्यार्थ्यांना मीच शिकवते. मी तोंड उघडलं.

"आठवत न्हाई गं," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडं टक लावून बघितलं. "तुमीबी भेलाव," ती म्हणाली, आणि हसली. "ऱ्हाऊ द्या मग. च्या ठिवते."

मुंबईत मी कधी पुराव्याशिवाय एक शब्द बोलत नाही, कुणाला बोलू देत नाही. तिथं माझं घर आहे, दारावर पाटी आहे, आणि त्या घरात एक चूक झाली तर काय होईल याची मला रोज भीती असते. सेलूच्या त्या ओट्यावर मी धडधडीत खोटं बोलले. समोरच्या बाईला ते कळलं, आणि तिनं माझ्या चहात दोन चमचे साखर जास्त घातली.